३९ डॉलरचा सेफ्टी रिपोर्ट, एफ ग्रेडचं शहर आणि माझ्याकडून २ स्टार

कंपनीचं नाव देणार नाहीये, आधीच सांगतो. अशा डझनभर साइट्स आहेत आणि सगळ्यांची भाजी एकाच कढईतली, त्यामुळे एकट्यालाच झोडपण्यात मजा नाही. प्रॉडक्ट असं आहे की तुम्ही अमेरिकेत नवीन शहरात शिफ्ट होणार असाल तर तिथला झिप कोड (त्यांचा पिन कोड) टाकायचा, ३९ डॉलर भरायचे, पाच मिनिटांत ४६ पानांची पीडीएफ येते. शहराला ग्रेड, झिपला ग्रेड, लाल-पिवळा-हिरवा नकाशा, चोऱ्या किती, मर्डर किती, आणि शेवटची ६ पानं घराला लावायच्या कॅमेऱ्यांची जाहिरात. ती ६ पानं धरून ४६ बरं का.

मी घेतला कारण २०२४ च्या शेवटी जॉबमुळे न्यू जर्सीहून सेंट लुइसला यायचं ठरलं आणि घरी तांडव सुरू झालं. बायकोने गुगल केलं, पहिलाच रिझल्ट "अमेरिकेतलं मर्डर कॅपिटल". आईला नागपुरात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं असणार, तिचा रात्री दोनला फोन, "अरे तिकडे गोळ्या चालून राहिल्या म्हणे, अन् तू पोरीला घेऊन चालला?" आता मी पडलो नागपूरचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा रूममेटने पहिल्याच दिवशी विचारलेलं, तुमच्याकडे मर्डर फार होतात ना रे. "क्राइम कॅपिटल" हे बिरुद मी जन्मापासून गळ्यात घालून फिरतोय आणि अठरा वर्षांत खून पाहिला तो फक्त पेपरात. त्यामुळे आईला म्हटलं थांब, नीट आकडे बघू, आणि कार्ड काढलं.

पहिलं पान उघडलं की लालभडक एफ. खाली मोठ्या अक्षरात मर्डर रेट ८७. म्हणजे वर्षाला दर लाख लोकांमागे ८७ खून. (एरवी मिलियन-बिलियन करणारे हे लोक खून मात्र आपल्यासारखे लाखात मोजतात, हे एक आवडलं आपल्याला.) भारताचा आकडा २ च्या आसपास आहे, अख्ख्या अमेरिकेचा २०२४ मध्ये ५ च्या आसपास होता. त्यामुळे ८७ वाचून माझ्याही पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू.

पण मग बारीक अक्षरातली तळटीप वाचली. हा आकडा २०२० चा! त्या वर्षी शहरात २६३ खून झाले होते. कोविड, शाळा बंद, कोर्टं बंद, पोरांना समजावायला गल्लीत फिरणारे लोक घरात, आणि बंदुकांची विक्री देशभर रेकॉर्डब्रेक, असं ते वर्ष. मी २०२४ मध्ये पैसे भरले, त्या वर्षाचा आकडा १५० च्या घरात आला. दर पन्नाशीच्या आसपास. तरीही भयानकच आहे, पण २६३ आणि १५० यात फरक आहे की नाही? कॉलेजच्या मार्कशीटवर दहावीचे मार्क छापल्यासारखं आहे हे. पहिला स्टार इथेच कापला.

दुसरा स्टार भागाकारात गेला. खुनाचा दर हा शेवटी भागाकार आहे, वर खून आणि खाली माणसं, आणि रिपोर्टवाले वरचाच आकडा बघून बोंबलतात, खालच्याकडे कुणी बघत नाही. सेंट लुइसमध्ये १९९३ साली २६७ खून झाले होते, म्हणजे २०२० पेक्षा ४ जास्तच, पण दर मात्र तेव्हा सत्तरच्या आत होता. कसं काय? तर तेव्हा शहरात माणसं जास्त होती. १९५० मध्ये इथे साडेआठ लाखांच्या वर लोक राहायचे, २०२० च्या जनगणनेत उरले ३ लाख. मीठ तेवढंच आणि भाजी आटली, की खारट लागणारच.

बरं हे लोक गेले कुठे, तर फार लांब नाही, पाच-दहा मैलांवर, पण शहराच्या हद्दीबाहेर. आणि ही हद्द म्हणजे एक नंबर भाऊबंदकीची गोष्ट आहे. १८७६ साली शहरवाल्यांनी मतदान करून स्वतःला काउंटीतून (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) वेगळं काढलं, कारण तेव्हा शहरात पैसा आणि काउंटीत शेतं, त्यांच्या रस्त्यांचा खर्च आपण का उचलायचा. थोरल्याने वाडा ठेवला, शेत धाकट्याच्या पदरात टाकलं, आणि पुढे कॉलन्या, मॉल, चांगल्या शाळा सगळं त्या शेतातच उभं राहिलं. वाडा मात्र कायमचा १६० चौरस किलोमीटरमध्ये अडकला, नागपूर महापालिकेची हद्दसुद्धा त्याहून मोठी आहे. शहर-उपनगरं मिळून अख्ख्या मेट्रो भागात २८ लाख लोक आहेत, पण "सेंट लुइस" म्हणून जे मोजलं जातं ते त्यातलं जेमतेम दहा टक्के, आणि तेही नेमकं सगळ्यात होरपळलेलं. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलने १९६८ मध्ये शहर आणि काउंटी एक करून टाकली, त्यामुळे तिथल्या खराब गल्ल्यांचे आकडे हिरव्यागार सबर्बमध्ये विरघळून जातात. इथे दोन्ही एक करायचा घाट २०१९ मध्ये घातलेला, तो फसला. उद्या एक झालेच तर एकही खून कमी न होता सेंट लुइसचा दर एका रात्रीत निम्म्याच्या खाली येईल.

पुणेकरांना हे लगेच कळेल, २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं तेव्हा पुण्याच्या आकड्यांचंही असंच झालं, आधीचे आणि नंतरचे पुणे एकमेकांशेजारी ठेवून बघायचेच नाहीत. आणि नागपूरवाल्यांसाठी एक खास, एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) महानगरांच्या तक्त्यात लोकसंख्या आजही २०११ च्या जनगणनेची धरतात. म्हणजे खून आजचे आणि माणसं चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची! मिहान झालं, मेट्रो झाली, अर्धं विदर्भ नागपुरात येऊन राहिलं, तक्त्यात आपण अजून २५ लाखच. तरीसुद्धा आपला दर ४ च्या आतच असतो हो, आणि त्याच आकड्यावरून पुण्याची पोरं आम्हाला चिडवायची.

असो. आता तुम्ही म्हणाल म्हणजे सेंट लुइस एकदम सेफ आहे, नुसता हिशोबाचा घोळ. नाही. इथेच तर रिपोर्टवरचा माझा खरा राग आहे, तिसरा स्टार इथे गेला. खून होतात, भरपूर होतात, पण रिपोर्ट ज्याला विकला जातो त्या माझ्यासारख्या माणसाचे सहसा होत नाहीत.

पान १७ वर माझा झिप होता, ६३१०८. ग्रेड डी. नकाशात सगळा झिप एकाच केशरी रंगात. पहिल्या रविवारी मी तोच नकाशा फोनवर उघडून पायी निघालो. सेंट्रल वेस्ट एंड, म्हणजे कॅफे, मोठं हॉस्पिटल, कुत्र्यांना स्वेटर घालून फिरवणारे लोक, काही गल्ल्यांना तर चक्क दगडी कमानी आणि गेट, आत राजवाड्यासारखी घरं. उत्तरेकडे चालत गेलो, डेलमार नावाचा रस्ता लागला, सिग्नलला थांबून ओलांडला, तीन-चार मिनिटं चाललो असेन. आणि तिसऱ्या गल्लीत एक दुमजली विटांचं घर, समोरून अगदी देखणं, लाल वीट, कमानीच्या खिडक्या, बाजूला गेलो तर मागची भिंतच नाही. आतला जिना दिसतोय, जिन्याच्या भिंतीवरचा फुलाफुलांचा वॉलपेपर दिसतोय, आणि वर आभाळ. बाजूचे दोन प्लॉट रिकामे, कमरेएवढं गवत. त्यापलीकडे एक टापटीप घर, पोर्चवर खुर्च्या, कुंड्या, गवत एकसारखं कापलेलं. मग परत रिकामा प्लॉट. नंतर कळलं की इथल्या जुन्या विटांना दक्षिणेकडच्या राज्यांत मस्त भाव असायचा आणि त्यासाठी चोर रिकाम्या घरांना आगी लावायचे, म्हणजे बंबवाल्यांच्या पाण्याच्या माऱ्याने चुना सुटतो आणि विटा आयत्या मोकळ्या होतात. डोकं बघा!

तर डेलमारच्या खाली आणि वर, एकच झिप, एकच डी. वरच्या बाजूला जवळजवळ सगळे काळे लोक, खालच्या बाजूला बहुतेक गोरे आणि आमच्यासारखे आयटीवाले. हे आपोआप झालेलं नाहीये. १९१६ मध्ये इथल्या मतदारांनी चक्क कायदाच पास केला होता की काळ्यांनी गोऱ्यांच्या गल्लीत घर घ्यायचं नाही, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये असले कायदे बाद केले, तर यांनी घराच्या कागदपत्रातच अट घालायला सुरुवात केली. ती अट कोर्टातून राबवून घेणं बंद झालं १९४८ मध्ये, ज्या घराच्या केसवरून झालं ते लबाडी ॲव्हेन्यूवरचं शेली कुटुंबाचं घर डेलमारच्या उत्तरेलाच आहे. (लबाडी हे रस्त्याचं खरं नाव आहे, मी बनवलेलं नाही, पहिल्यांदा पाटी वाचून एकटाच हसलो.) मग प्रुइट-आयगो, ३३ बिल्डिंगा, प्रत्येकी ११ मजली, १९५० च्या दशकात गरिबांसाठी बांधल्या, देखभालीला पैसे ठेवले नाहीत, लिफ्ट बंद, पाइप फुटलेले, आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडायला काढल्या. ज्यांना जमलं ते गेले, ज्यांना नाही जमलं ते उरले, दुकानं गेली, नोकऱ्या गेल्या. यातलं एक अक्षर ४६ पानांत नाही. अर्थात ३९ डॉलरमध्ये इतिहास पण हवा का असं कुणी म्हणेल, पण कॅमेऱ्याला ६ पानं आहेत ना!

याचं खुनाशी काय कनेक्शन, ते मला रिपोर्टने नाही, एका टायरवाल्याकडे बसलो असताना कळलं. डेलमारच्या वरच, पंक्चर काढायला गेलेलो, शेजारी एक सत्तरीचे काका, रिटायर्ड बस ड्रायव्हर. सेंट लुइसची पद्धत आहे, नवीन माणूस भेटला की विचारणार, कोणत्या हायस्कूलला होतात? त्यावरून ते तुमची जात-कुळी सगळं काढतात. मी म्हटलं सोमलवार. त्यांनी गंभीरपणे विचारलं, कॅथलिक का? मग गप्पा रंगल्या. मी हळूच रिपोर्ट दाखवला, आमच्या झिपला डी दिलाय म्हटलं. त्यांनी चष्मा वर करून नकाशा बघितला आणि म्हणाले, झिपला कोण मारतं? इथे कुणी गेल्याची बातमी आली की आम्ही दोनच गोष्टी विचारतो, कोणता ब्लॉक आणि कुणाचा मुलगा.

त्यांच्या बहिणीचा नातू गेला होता, १९ वर्षांचा. भांडण कशावरून तर ऑनलाइन कुणीतरी कुणालातरी काहीतरी बोललं. पुढे ते म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाले, कुणी मारलं ते सगळ्या ब्लॉकला माहितीये, कोर्टात उभं राहून सांगणारा एक नाही, कारण उद्या त्यालाही याच ब्लॉकवर राहायचंय. आणि मग दुसऱ्या बाजूची पोरं स्वतःच न्याय करायला निघतात. एकाचे दोन, दोनाचे चार.

घरी येऊन मी दोन-तीन रात्री हेच वाचत बसलो (बायको म्हणाली झोप आता, डिटेक्टिव्ह). काका शंभर टक्के बरोबर होते. शिकागोच्या एका वस्तीत अभ्यास झालाय, तिथले ४१ टक्के गोळीबाराचे खून वस्तीतल्या जेमतेम ४ टक्के लोकांच्या ओळखीपाळखीच्या जाळ्यात झालेले. म्हणजे त्याच गल्लीत राहणारी शाळेतली बाई आणि त्या जाळ्यातला वीस वर्षांचा पोरगा यांची रिस्क एकाच आकड्यात मांडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. अमेरिकेत २०२२ मध्ये खुनाच्या साधारण निम्म्याच केसेसमध्ये पोलीस आरोपीपर्यंत पोचले. निम्म्या! कायदा येत नाही म्हटल्यावर माणूस काय करेल, आपल्याकडे गावातसुद्धा जिथे पोलिसांवर भरवसा नाही तिथे पिढ्यानपिढ्या वैर चालतंच की.

फरक फक्त हातात काय आहे त्याचा. नागपुरात पानठेल्यावर दोन पोरांचं वाजलं तर काय होतं, शिव्या, कॉलर, लाथाबुक्क्या, फारच झालं तर चाकू निघतो, आणि चाकू मारायला जवळ जावं लागतं, समोरचा पळू शकतो, चौघं मधे पडू शकतात. त्याच रागात, त्याच वयात, तेवढ्याच डोक्याच्या पोराच्या हातात पिस्तूल दिलं की प्रकरण दोन सेकंदांत संपतं आणि बाजूला उभा असलेलाही जातो. मिझुरीत (सेंट लुइस याच राज्यात येतं) २००७ पर्यंत पिस्तूल घ्यायला शेरीफकडून परमिट काढावं लागायचं, ते त्या वर्षी रद्द केलं, आणि त्यानंतर राज्यात बंदुकीचे खून वाढले असं जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलंय. २०१७ पासून तर लपवून बाळगायलाही परमिट नको. शहराला वेगळा नियम करायचा म्हटलं तरी जवळजवळ काहीच करता येत नाही, कायदा राज्याचा. म्हणजे राग शहरात, बंदूक राज्याची आणि ग्रेड आमच्या झिपला.

आता रिपोर्टमधली एकमेव आवडलेली गोष्ट सांगतो, ज्यासाठी ते २ स्टार दिलेत. त्यात "शहरांची तुलना करा" असं एक टूल आहे. पोरगी झोपल्यावर मी अर्धा तास त्याच्याशी खेळत होतो (नागपूर टाकून बघितलं, एरर आला). एल पासो टाकलं, टेक्ससमधलं. शहर बऱ्यापैकी गरीब आहे, बंदुकांचे कायदे ढिले, बॉर्डरला चिकटलेलं, आणि तरी हिरवंगार. २०१० मध्ये साडेसहा लाख वस्तीत खून किती, तर ५. आणि त्याच वर्षी नदीच्या पलीकडे, पूल ओलांडला की मेक्सिकोचं हुआरेस, तिथे ३ हजारांच्या वर! तेव्हा तिथे ड्रगवाल्यांच्या दोन टोळ्यांची माल अमेरिकेत नेण्याच्या रस्त्यांसाठी लढाई चालू होती आणि केस कोर्टापर्यंत जाणं म्हणजे चमत्कार. तीच नदी, तीच भाषा, बरेचदा तीच आडनावं. त्यामुळे "गरिबी आहे म्हणून खून होतात", "त्या लोकांचं कल्चरच तसं" असं पार्टीत बिअरचा ग्लास हातात धरून सांगणारे जे आपले देशी बांधव असतात त्यांना मी आता सरळ एल पासो दाखवतो. गरिबी हवीच, पण नुसत्या गरिबीने काम होत नाही, सोबत उजाड गल्ल्या, हाताशी बंदूक आणि न लागणाऱ्या केसेस असं सगळं एकाच ठिकाणी साचावं लागतं.

टूल छान आहे, पण ते फक्त ग्रेड दाखवतं, का ते सांगत नाही. त्याच्या खाली "आता तुम्ही काय कराल" म्हणून बटण, दाबलं की परत कॅमेरा. डोअरबेलचा कॅमेरा, गॅरेजचा कॅमेरा, मागच्या अंगणाचा कॅमेरा, कॉम्बो घेतला तर २० टक्के सूट. आता फिलाडेल्फियात काय केलं ऐका. तिथे ५४१ रिकामे प्लॉट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, काही प्लॉट साफ करून गवत-झाडं लावली, लाकडाचं बुटकं कुंपण घातलं, काही तसेच ठेवले. गरीब वस्त्यांमध्ये साफ केलेल्या प्लॉटभोवती बंदुकीच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. गवत कापून! कारण उंच गवतात बंदूक लपवता येते, आणि जिथे कुणी येत-जात नाही तिथे अड्डा बसतो, आणि साफ झाल्यावर म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसायला लागतात. सेंट लुइसमध्ये असे रिकामे प्लॉट हजारोंनी आहेत, त्यातले कितीतरी सरकारच्याच नावावर पडून. पण गवत कापायच्या मशीनवर कमिशन मिळत नसावं बहुतेक.

मे २०२५ मध्ये टोर्नेडो आला त्याचा सगळ्यात मोठा फटका नेमका उत्तरेच्या बाजूलाच बसला. टायरवाल्याच्या गल्लीत अर्ध्या छपरांवर निळी ताडपत्री. ते मागची भिंत नसलेलं घर आता पूर्णच आडवं झालंय, काकांच्या पोर्चच्या खुर्च्या मात्र जागेवर आहेत, मी गेल्या महिन्यात चहाचं पाकीट द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिल्या.

कस्टमर सर्व्हिसबद्दल थोडक्यात. मी त्यांना मेल टाकला की २०२० चा आकडा २०२४ मध्ये विकताय, आणि एका झिपमध्ये दोन वेगळी जगं आहेत ती निदान ब्लॉकवार तरी दाखवा. चार दिवसांनी उत्तर आलं, फीडबॅकबद्दल धन्यवाद, डिजिटल प्रॉडक्टवर रिफंड नाही. शिवाय चेकआउटला एक टिक आधीच केलेली असते ती काढायला विसरू नका, नाहीतर दर महिन्याला ९ डॉलर "अपडेट" म्हणून कापत बसतात, माझे तीन महिने गेले. अपडेट काय आलं माहितीये? तिसऱ्या महिन्यात मेल, "अभिनंदन, तुमच्या भागाची ग्रेड सुधारली, डी वरून सी". मी खुश होऊन उघडला, तर खून तेवढेच होते, यांनी नकाशावर आमच्या भागाची हद्द डेलमारपाशी कापली होती. आईला तो मेल फॉरवर्ड केलाय. तिचा रिप्लाय आला, "सी म्हणजे पास न? मग जाऊ दे."